ही ओळ काढू नये

मास्तर मंगळवारी गेले. हुपरीहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीत होतो. "काका सकाळी गेले," तो म्हणाला. "अकराला नेणार." मी रजेचा अर्ज लिहिला, टेबलावर ठेवला आणि स्टँडवर गेलो.

बस लागलेली होती. चढताना मी कंडक्टरला विचारलं, "ही कुठं संपते?" त्याने मला कुठं जायचंय ते विचारलं. बस कुठं जाते असं लोक विचारतात. कुठं संपते असं विचारणारा एकच माणूस मी पाहिला होता, आणि मी त्याच्याच अंत्यविधीला निघालो होतो.

एखादी गोष्ट कुठं संपते हे ठाऊक नसेल तर तिच्यात शिरू नये, असं मास्तरांचं मत होतं. हे मत ते सगळीकडे लावायचे. फोनवरचं बोलणं झालं की "संपलं" म्हणायचे आणि मगच ठेवायचे. पलीकडे बायको असो की जीएम साहेब असोत. चहा झाला की कप बशीत पालथा घालायचे. तळाचा चहा बशीत पसरायचा आणि कँटीनच्या मावशी वैतागायच्या.

"मास्तर, कप सरळ ठेवा की. दुनिया ठेवती."

"सरळ कप म्हंजे चालू कप, मावशी. तुम्ही परत भरशीला."

"भरलंय कवा मी न विचारता?"

"म्हनूनच. पालथा असतोय न्हवं."

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत ते कॉम्प्युटर विभागात होते. विभाग म्हणजे ते, मी आणि एक पंखा. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी कोल्हापुरात टायपिंगचा क्लास चालवला होता. क्लास ओस पडला तेव्हा कंपनीने त्यांना पत्रं टाइप करायला घेतलं. ज्याला न बघता टाइप करता येतं त्याला कॉम्प्युटर येतोच, अशी कंपनीची समजूत होती, म्हणून पुढे कॉम्प्युटरही त्यांच्याच अंगावर आला. त्यांनी तक्रार केली नाही. एका झेरॉक्स प्रतीवरून ते पर्ल ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकले. झेरॉक्सवाला शेवटची पन्नास पानं काढायलाच विसरला होता. "पुस्तक कसं संपतंय ते मला अजून ठाऊक न्हाय," ते म्हणायचे. हे सांगताना त्यांचा चेहरा खरोखर दुःखी व्हायचा.

आमचं काम सांगायला सोपं होतं. भट्टीत एकदा लोखंड वितळवून ओतलं की त्या घाण्याला हीट म्हणतात. प्रत्येक हीटचा नमुना लॅबमध्ये जायचा. तिथलं मशीन त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती ते मोजायचं आणि एका साध्या फाईलमध्ये एक ओळ लिहायचं. ओळीच्या शेवटी निकाल असायचा: 'ओके' किंवा 'रिजेक्ट'. मास्तरांचा पर्लचा प्रोग्रॅम रोज सकाळी ती फाईल ओळीओळीने वाचायचा आणि कुठल्या हीटची कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, गाडीत चढवायची, कुठली पुन्हा भट्टीत टाकायची याची यादी द्यायचा. कंपनीतले तीनशे लोक त्या यादीप्रमाणे हलायचे. ती यादी कोण करतं, हे त्यातल्या दहांनाही माहीत नव्हतं.

नवीन माणूस आला की मास्तर त्याला आधी टाइपरायटरपुढे बसवायचे. क्लासमधलं ते शेवटचं मशीन त्यांनी आपल्या टेबलावर आणून ठेवलं होतं. मी रुजू झालो त्या दिवशी मलाही बसवलं. मी बीएस्सी झालेला, पिशवीत तीन पुस्तकं घेऊन आलेला.

"पावणं, ह्यो दांडा वढा."

मी डाव्या हाताचा दांडा ओढला. गाडी सरकत ओळीच्या सुरुवातीला आली आणि कागद एक घर वर गेला.

"किती कामं झाली?"

"एक."

"दोन. गाडी मागं आली, ते एक. कागद वर गेला, ते दुसरं. आता दोन अक्षरं दाबा, दांड्याला हात लावू नका आणि गाडी नुसती हातानं ढकला."

मी तसं केलं. गाडी मागे आली, कागद तिथेच राहिला. मी एक अक्षर दाबलं आणि ते आधीच्या अक्षराच्या डोक्यावर बसलं.

"आता हे डोस्क्यात ठेवा," मास्तर म्हणाले. "फाईलमदली ओळ संपती तितं हीच दोन कामं खूण म्हनून लिवलेली असत्यात. दिसत न्हाईत. लॅबचा विंडोज दोनी लिवतोय. आपला हितला लिनक्स नुसतं 'कागद वर' लिवतोय. आणि ते कडकपणा मोजायचं जुनं मशीन हाय न्हवं, ते नुसतं 'गाडी मागं' लिवतंय. तिघांची भाषा एक, संपवायची रीत निराळी. सगळी भांडणं तितंच हायत."

मला वाटलं, म्हातारा तऱ्हेवाईक आहे. पुस्तकात ही गोष्ट अर्ध्या पानात उरकलेली होती.

मास्तर मात्र माणसंही याच मापाने मोजायचे. जीएम साहेबांच्या मीटिंगहून आले की म्हणायचे, "नुसती गाडी मागं. मागल्या सोमवारी जे बोलले त्येच्यावरच आज पुन्यांदा छापलं. आता दोनी वाचता येत न्हाईत." खरेदी विभागाचं उलट. ते नुसता कागद वर करणारे. प्रत्येक काम जिथं सोडलं तिथूनच खाली घसरायचं, सुरुवातीला परत कोणी यायचं नाही. "जिना झालाय जिना. उतरतोय उतरतोय, दार न्हाय." आणि कंपनीच्या वर्धापनदिनाला साहेबांचं भाषण सुरू झालं की मास्तर माझ्या कानाला लागायचे: "शेवटाची खूणच न्हाय ह्या फाईलला. वाचायला बसलासा तर मेमरी भरंल."

साहेबांनी पुण्याहून एक सल्लागार आणला होता. त्याने आमच्या खोलीत डोकावून विचारलं, की आजच्या काळात पर्ल कोण वापरतं. मास्तर म्हणाले, "मी." सल्लागाराने ते लिहून घेतलं. पुढे त्याच्या अहवालात 'व्यक्तीवर अवलंबून असलेली यंत्रणा' असा शेरा आला आणि मास्तरांची निवृत्तीनंतरची मुदतवाढ दर वर्षीऐवजी दर सहा महिन्यांनी द्यावी असं ठरलं. त्याच अहवालातून कंपनी कागदमुक्त करायची कल्पना निघाली. लॅबचं मशीन प्रत्येक नमुन्याची एक चिठ्ठी छापायचं. यापुढे चिठ्ठी पुरावा म्हणून धरली जाणार नाही, स्क्रीनवर दिसेल तेच खरं, असं परिपत्रक निघालं. ते परिपत्रक कागदावर छापून सगळ्या भिंतींना लावलं होतं.

मग मास्तर पुतणीच्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर गेले आणि मी त्यांचा प्रोग्रॅम नीटनेटका करायला घेतला.

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा नुकतंच पर्लचं पुस्तक वाचून पुरं केलं होतं, शेवटच्या पन्नास पानांसकट. पर्लमध्ये चॉम्प नावाची आज्ञा आहे. ती ओळीच्या शेवटची खूण काढून टाकते, असं मी वाचलं होतं. मास्तरांनी ती वापरली नव्हती. तिच्या जागी तिरक्या रेघा, चौकोनी कंस आणि डॉलर यांची एक ओळ होती. कीबोर्डवरून पाल पळून गेल्यासारखी दिसायची. तिच्या डोक्यावर रोमन अक्षरांत मराठी टीप होती: 'ही ओळ काढू नये. का ते विचारावे.'

मला वाचायची सवय होती, विचारायची नव्हती. मी ती ओळ काढली, टीप काढली आणि तिथं चॉम्प घातलं. तपासण्यासाठी आमच्याच लिनक्सच्या सर्व्हरवर चार ओळींची फाईल टाइप केली. प्रोग्रॅमने ती बिनचूक वाचली. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून लॅबच्या खऱ्या फाईली आल्या. त्यांच्या ओळीला शेवटी दोन खुणा. लिनक्सवरच्या चॉम्पला एकच ठाऊक. तिने 'कागद वर' काढली आणि 'गाडी मागे' तशीच ठेवली. 'ओके'च्या शेपटीला ती न दिसणारी खूण चिकटून राहिली. प्रोग्रॅमने पाहिलं, हे 'ओके' नाही, 'ओके' आणि वर काहीतरी आहे. जे 'ओके' नाही ते रिजेक्ट. अशा रीतीने आमच्या फाउंड्रीत एकही हीट चांगली निघेना.

तीन दिवस चांगली कास्टिंग पुन्हा भट्टीत गेली. वितळली, ओतली, तपासली, पुन्हा भट्टीत गेली. सगळे आपापलं काम चोख करत होते.

भट्टीवर आण्णा होते. हातकणंगल्याकडच्या जैन शेतकरी घरातले. तीस वर्षं त्याच भट्टीपुढे उभे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. लोखंडाच्या रंगावरून कार्बन सांगायचे आणि मशीन नंतर त्यांना दुजोरा द्यायचं. त्यांच्या खिशात त्या तीन दिवसांच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर 'ओके'. गुरुवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी त्या साहेबांपुढे टेबलावर मांडल्या.

"साहेब, मशीनच म्हनतंय की माल चांगला हाय."

"आण्णा, चिठ्ठी नको. सिस्टिम काय म्हणते?"

"सिस्टिमला मी काय इचारू? मला लोखंड इचारता येतंय."

मीटिंगने एकमेकांना पाच वेळा 'का' विचारलं, कारण तशी पद्धत आहे असं सल्लागाराने शिकवलं होतं. पाचव्या 'का'ला आण्णांचं वय निघालं. शनिवारपर्यंत निष्काळजीपणाबद्दल लेखी खुलासा द्यावा, नाहीतर घरी बसावं, असं त्यांना सांगण्यात आलं. मी प्रोजेक्टर चालवायला तिथंच होतो. मला तेव्हाही शंका आली नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. शंका आली होती. पण मी तपासून पाहिलं होतं आणि पुस्तकात तसंच होतं.

शुक्रवारी मास्तर आले ते लग्नाचे लाडू घेऊनच. दारात आण्णा उभे होते.

"मास्तर, मला लिवता येत न्हाय असलं. तुमी लिवून द्या. निष्काळजी म्हनून सही करायची म्हनत्यात."

मास्तरांनी चिठ्ठ्या पाहिल्या. यादी पाहिली. लाडवांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला.

"पावणं, माझ्या मागं काय हलवलंसा?"

मी सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "निकालाच्या दोनी बाजूला कंस घालून छापा," म्हणाले. मी प्रोग्रॅमला तसं सांगितलं. आधी कंस, मग 'ओके', मग कंस बंद. स्क्रीनवर जे उमटलं त्यात बंद करायचा कंस शेवटी नव्हताच. तो सुरुवातीच्या कंसाच्या जागेवर येऊन बसला होता, उलट्या तोंडाने, आणि 'ओके' बाहेर उघडं पडलं होतं.

आण्णा वाकून बघत होते. "ह्यो कंस हिकडं कसा आला?"

"गाडी मागं आली, आण्णा. कागद न्हाय हलला." मास्तरांनी टाइपरायटरमध्ये कागद घातला. कंस, ओ, के. मग दांड्याला हात न लावता गाडी ढकलली आणि बंद कंस दाबला. तो पहिल्या कंसावरच बसला. कागदावर अंड्यासारखं काहीतरी झालं.

आण्णांनी त्या अंड्यावर बोट ठेवलं. "ह्येच्यापायी माझी भट्टी?"

"व्हय."

"दिसत बी न्हाय की ओ."

"दिसलं असतं तर झाडून काढलं असतं कुनीतरी."

शनिवारी मास्तर टाइपरायटर दोन्ही हातांनी उचलून मीटिंगला घेऊन गेले. साहेबांपुढे तेच करून दाखवलं. साहेब हुशार होते, त्यांना समजलं. सल्लागारालाही समजलं, फक्त त्याने हा धोका आपण अहवालात आधीच नोंदवल्याचं सांगितलं. अडचण दुसरीच निघाली. झालेल्या चुकीचा एक फॉर्म भरावा लागतो. क्वालिटीचे साहेब तो लॅपटॉपवर भरत होते. त्यात 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता.

"इथं काय घालू?"

"ते अक्षरच घाला की," मास्तर म्हणाले. "गाडी मागं."

"अक्षर चालत नाही. सिस्टिम एम्प्लॉयी नंबर मागते."

"मग मोकळा सोडा."

"मोकळा सोडला तर फॉर्म पुढं जात नाही. मग आण्णांचाच राहील, तो आधीच भरलाय."

आण्णा भिंतीला टेकून उभे होते, टोपी हातात. माझा एम्प्लॉयी नंबर पाच आकडी होता आणि मला पाठ होता. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आपला नंबर सांगितला, एकेक आकडा सावकाश, टायपिंगचा धडा देताना सांगायचे तसा. मग म्हणाले, "प्रोग्रॅम माझा. संपलं."

फॉर्म पुढे गेला. आण्णांचा खुलासा रद्द झाला. मास्तरांची मुदतवाढ पुढच्या महिन्याअखेर संपत होती, ती पुढे दिली नाही. फॉर्मच्या 'उपाययोजना' या रकान्यात लिहिलं गेलं: 'संबंधित व्यक्ती कार्यमुक्त. पुनरावृत्ती होणार नाही.' प्रोग्रॅम दुरुस्त करायला कोणी सांगितलं नाही. ती ओळ मी त्याच दुपारी परत घातली, तिची टीपही. निरोपसमारंभात साहेबांनी पाऊण तास भाषण केलं आणि मास्तरांच्या तत्परतेचा गौरव केला. मास्तर कप पालथा घालून बसले होते. जाताना टाइपरायटर छातीशी धरून बसमध्ये चढले.

मी एक वर्ष गप्प राहिलो. मग एक पत्र लिहिलं, चूक माझी होती, फॉर्ममध्ये माझा नंबर घालावा. साहेबांनी बोलावून घेतलं. ते चिडले नाहीत. "प्रकरण क्लोज झालं आहे," म्हणाले. "क्लोज झालेलं उघडता येत नाही. उघडायचं तर ते का उघडलं याचा नवीन फॉर्म भरावा लागेल. त्याला जबाबदार कोण लिहू?" आणि पत्र मला परत दिलं, घडी घालून.

ते पत्र घेऊन मी हुपरीला गेलो. मास्तर पुतण्याच्या घरच्या कारखान्यात बसले होते. तिथं घराघरात चांदीची पैंजणं बनतात. आठ-दहा माणसं मांडी घालून कामाला होती. मास्तरांकडे पैंजणाच्या टोकाची कडी नीट बसते का ते बघायचं काम होतं. एकेक पैंजण उचलायचे, टोक ओढून बघायचे, बाजूला ठेवायचे.

"बसा पावणं. शेवटाचंच काम दिलंय बगा मला. हितं शेवट हाताला लागतोय."

मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. शेवटच्या ओळीपाशी जरा थांबले.

"साहेब काय म्हनले?"

मी सांगितलं. नवीन फॉर्मचं ऐकून ते हसायला लागले. इतके हसले, की शेजारच्या माणसाने हातोडी थांबवली. मग डोळे पुसून त्यांनी पत्राची घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवलं.

"त्या दिवशीच का न्हाय बोललासा?"

"भ्यालो."

"मी बी भ्यालतो," ते म्हणाले. "आण्णाचं दीड वरीस होतं, माझं दीड महिना. हिशेब सोपा होता. तुझा अवघड होता." मग एक पैंजण उचललं, टोक ओढलं. "च्या घेनार का रं?"

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. सहा वर्षं ते मला पावणं आणि तुम्ही म्हणत होते. त्या दिवसानंतर पुन्हा कधी म्हणाले नाहीत. चहा झाल्यावर मी माझा कप बशीत पालथा घातला. चहा बशीत पसरला. त्यांनी ते पाहिलं आणि पुढचं पैंजण उचललं.

मंगळवारी अकराला नेलं. आण्णा आले होते, निवृत्त झालेले, टोपी हातात. कंपनीतून दुसरं कोणी आलं नव्हतं. परतल्यावर पुतण्याने आतून टाइपरायटर आणून दिला. "काका म्हनलेत, हे तुमच्यासाठी ठेवायचं," म्हणाला. सोबत एक पाकीट होतं. आत माझं पत्र होतं. घडी मोडून सरळ केलेलं, फायलीला लावायला भोकं पाडलेलं. कोपऱ्यात, कचेरीत आलेल्या पत्रावर लिहितात तसं, त्यांनी पेन्सिलने लिहिलं होतं: 'पोचले.'

टाइपरायटर आता माझ्या टेबलावर आहे. प्रोग्रॅम अजून पर्लमध्येच आहे आणि रोज सकाळी यादी देतो. फॉर्मवर मास्तरांचा नंबर आहे. ती ओळ आहे, आणि तिच्या डोक्यावरची टीपही आहे.